संगणक क्षेत्रातील कंत्राटी नोकरी : पश्चात्ताप आणि प्राप्ती

आपल्या बहुतेक घरांत 'नोकरी लागली' याचा अर्थ आजही 'कायम झाला' असाच घेतला जातो. याला कारण आहे. रेल्वे, टपाल खाते, महानगरपालिका येथील कायम नोकरीनेच आपल्या एका पिढीला स्थैर्य दिले आणि मुलांच्या शिक्षणाची सोय केली. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींच्या सवलती दिल्या, तेव्हा ही वाट आणखी रुंद झाली. परंतु संगणक क्षेत्र बहुतांशी खाजगी आहे. राज्यघटनेच्या कलम १६(४) मधील आरक्षण तेथे लागू नाही आणि आपल्या अनेक मुलामुलींना पहिली संधी मिळते ती कंत्राटावर. ती घ्यावी की सोडावी, असे पालक विचारतात. आम्ही स्वतः अकरा वर्षे असे काम केले आहे. तेव्हा चांगले-वाईट दोन्ही सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम हे समजून घ्यावे की कंत्राट दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात माणूस मनुष्यबळ पुरविणाऱ्या कंपनीच्या पटावर असतो आणि काम मात्र दुसऱ्याच कंपनीत करतो. त्याला पगार मिळतो व भविष्य निर्वाह निधी कापला जातो. दुसऱ्या प्रकारात तो स्वतंत्र सल्लागार असतो. त्याला पगार नव्हे, व्यावसायिक शुल्क मिळते. त्यातून साधारणतः १० टक्के कर उगमस्थानीच कापला जातो. भविष्य निर्वाह निधी नाही, भरपगारी रजा नाही. वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांवर गेली तर वस्तू व सेवा कराची नोंदणीही त्यालाच करावी लागते.

दुसऱ्या प्रकारातील मोठा आकडा तरुणांना भुलवितो. समजा, महिना ८० हजार रुपये ठरले. कर कापून हाती ७२ हजार येतात. वर्षात दोन महिने काम मिळाले नाही, तर दहा महिन्यांचे ८ लाख होतात, म्हणजे सरासरी महिना ६७ हजारांहून कमी. कापलेला कर विवरणपत्र भरताना हिशेबात धरला जातो हे खरे, पण आरोग्य विमा, म्हातारपणाची पुंजी आणि आजारपणातील बुडालेले दिवस हे सर्व याच रकमेतून भागवायचे असते. कायम नोकरीत कर्मचाऱ्याच्या १२ टक्क्यांबरोबर मालकाचेही १२ टक्के निर्वाह निधीच्या योजनेत जमा होतात. सल्लागाराच्या बाबतीत तो दुसरा हात नसतो.

हा हिशेब आम्हांला उशिरा कळला. एका शुक्रवारी संध्याकाळी फोन आला की सोमवारपासून येऊ नये. कामात काही चूक नव्हती, प्रकल्पाचा पैसा संपला होता. त्याच महिन्यात आईला रुग्णालयात दाखल करावे लागले. विमा काढलेला नव्हता. तीन वर्षांची बचत अठरा दिवसांत संपली. दुसरा पश्चात्ताप वयाचा. पुढच्या कंत्राटाच्या आशेवर स्पर्धा परीक्षा पुढे ढकलत गेलो आणि मागासवर्गीयांसाठी असलेली ४३ वर्षांची मर्यादा ओलांडली. तिसरी गोष्ट मनाला लागणारी आहे. कायम करण्याची वेळ आली की आत ज्यांचे नातेवाईक, ओळखीचे होते त्यांची नावे पुढे जात. आमच्या बाजूने शब्द टाकणारे आत कोणी नव्हते.

तरीही सर्व तोटाच झाला असे आम्ही म्हणणार नाही. बँकेची प्रणाली, रुग्णालयाची बिले, कारखान्याचा साठा अशी निरनिराळी कामे हातांखालून गेली. एकाच जागी बसून इतके शिकायला मिळाले नसते. नव्या ठिकाणी पहिल्या आठवड्यात आडनावाआधी काम पाहिले जाई, कारण बंद पडलेली प्रणाली त्यांना त्या दिवशी सुरू हवी असे. आपल्या कौशल्यावर विसंबून उभे राहता येते, हा आत्मविश्वास त्यातून आला. आणि धाकट्या बहिणीची परिचारिकेची पदवी याच पैशातून पूर्ण झाली.

तथागतांना दीघजाणू नावाच्या कोलियाने विचारले होते की संसारात राहणाऱ्या आमच्यासारख्यांनी सुखासाठी काय करावे. अंगुत्तर निकायात त्याचे उत्तर आहे. तेथे चार गोष्टी सांगितल्या आहेत: उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगातील कौशल्य व परिश्रम, आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्तता म्हणजे सज्जनांची संगत आणि समजीविता म्हणजे आवक पाहून खर्च. आम्ही पहिली पाळली, उरलेल्या तिन्हींत कमी पडलो. कंत्राटी माणसाला नेमक्या त्याच तिन्हींची गरज अधिक असते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, कंत्राट स्वीकारण्यापूर्वी पुढील काळजी घ्या. करार लेखी घ्या आणि किती दिवसांच्या सूचनेने काम बंद होऊ शकते ते वाचा. मूळ गुणपत्रिका, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र कोणाही दलालाच्या हाती देऊ नका आणि नोकरीसाठी अनामत रक्कम भरू नका. निर्वाह निधी कापला जात असेल तर तो खात्यात जमा होतो की नाही, हे पासबुकात दर महिन्याला पाहा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार मुदतबंद नेमणुकीवरील कर्मचाऱ्याला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. स्वतंत्र सल्लागार मात्र कर्मचारीच मानला जात नाही, म्हणून नेमणुकीच्या पत्रातील शब्द नीट पाहावेत. पहिल्या कमाईतून आई-वडिलांसह आरोग्य विमा काढा आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. शासकीय परीक्षांचे वय निघून जाऊ देऊ नका.

कायम नोकरीत असलेल्या सभासदांनाही आमची एक विनंती आहे. प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगाराचे हित हा त्यांच्या कार्याचाच भाग होता, हे आपण विसरू नये. आपल्या कंपनीत जागा निघाली तर मंडळाच्या फलकावर लावा. एखाद्या मुलाचा करार वाचून द्या, त्याची मुलाखतीची तयारी करून घ्या. आमच्या वेळी आत कोणी नव्हते. आज आपण आत आहात.

जयभीम!