दशांशानंतरची शून्ये

१९७० च्या दशकात ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या माहितीपत्रकांत शर्यतच लागली होती: आवाजातली विकृती कोणाची कमी? ०.१ टक्का, मग ०.०१, मग आणखी एक शून्य. त्यांच्यापुढे जुने व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर कागदावर पार फिके. तरीही अनेक रसिकांना नव्याचा आवाज कोरडा, टोचरा वाटे. हा निव्वळ स्मरणरंजनाचा खेळ नव्हता.

गोम विकृतीच्या त्या एका आकड्यात होती. त्यात अ‍ॅम्प्लिफायरने मूळ सुरात स्वतःहून मिसळलेले सगळे उपस्वर एकाच पोत्यात भरलेले असतात. दुसरा उपस्वर म्हणजे षड्जाचा तारषड्जच. थोडा मिसळला तर आवाज भरीव होतो. सातवा मात्र नेहमीच्या कोमल निषादाहून उतरलेला, म्हणून थोडाही खटकतो. व्हॉल्व्हचा भर बहुधा खालच्या उपस्वरांवर, ट्रान्झिस्टरमध्ये वरचेही येत. वरच्या उपस्वरांना मोजमापात जास्त वजन द्यावे, असे बीबीसीचे अभियंते शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवले होते. पण जाहिरातीला एकच आकडा सोयीचा!

शिवाय ही मोजणी बहुधा मोठ्या आवाजात, एका स्थिर सुरावर होई. लहरीचा अर्धा-अर्धा भाग सांभाळणारे जोडीतले दोन ट्रान्झिस्टर एकमेकांकडे काम सोपवताना होणारी गडबड मात्र हळू आवाजातच जास्त जाणवते, आणि घरात गाणे ऐकले जाते ते बहुतेक तसेच.