गल्लीतला बंद दिवा कुणाचा?

रात्री साडेनऊला लायब्ररीतून रूमवर जाताना तुम्ही कुठला रस्ता धरता? जवळचा की लांबचा? अनेक मुली सांगतील, ‘लांबचा.’ कारण जवळच्या गल्लीत दिवेच नसतात. मग हळूहळू संध्याकाळचा क्लास सुटतो, एकांकिकेची प्रॅक्टिस सुटते, घरून ‘सातच्या आत रूमवर’चा फतवा निघतो. गुन्हा घडलेलाच नसतो, पण नुसत्या भीतीनेच कॉलेज लाइफ अर्ध्यावर येतं.

अशा वेळी आपण म्हणतो, ‘पोलीस करतात काय?’ प्रश्न चूक नाही, पण अर्धा आहे. रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे महापालिकेचं किंवा नगरपरिषदेचं कायद्याने बंधनकारक काम आहे. त्यामुळे बंद दिव्याची तक्रार करताना तुम्ही कुणाकडे मेहेरबानी मागत नाही, हक्काचं मागता. बऱ्याच ठिकाणी विजेच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो. त्याचा फोटो काढा, जवळची खूण लिहा, वॉर्ड ऑफिसात तक्रार द्या आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ‘आमच्या एरियात अंधार असतो’ एवढंच लिहिलं, तर वायरमन नेमका जाणार कुठे?

पण दिवा लागला म्हणजे काम संपलं असं नाही. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच सांगून ठेवलंय की, रस्ता सुरक्षित राहतो तो तिथल्या माणसांच्या नजरेमुळे. आपल्याकडे ही नजर चहाच्या टपरीवर असते, इस्त्रीवाल्या काकांकडे असते, रिक्षा स्टँडवर असते. तुम्ही पीजीत दोन-तीन वर्षं काढता. यातल्या किती जणांना तुम्ही ओळखता? त्यांच्यापैकी किती जण तुम्हाला ओळखतात?

ओळखीची ताकद पाहायची तर भिवंडीकडे बघा. १९८४ च्या दंगलीत हे गाव होरपळलं होतं. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. वस्तीतली हिंदू-मुस्लिम साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले, छोटी भांडणं बोलून मिटू लागली. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

याची दुसरी बाजूही विसरू नका. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्यांना ठार मारलं. तिथेही लोक ‘गावाच्या सुरक्षेसाठी’च जमले होते. त्यामुळे ‘सावधान, हा माणस दिसला तर...’ असा मेसेज ग्रुपवर आला की फॉरवर्ड करण्याआधी थांबा. अनोळखी माणूस म्हणजे गुन्हेगार नाही. खरंच संशय आला, तर ११२ ला फोन करा. पुढचं काम पोलिसांचं.

आणि गुन्हा घडलाच तर? ‘आमची हद्द नाही’ म्हणून कुणी परत पाठवू लागलं, तर ‘झिरो एफआयआर’ म्हणा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. ऑनलाइन पैसे गेले, तर लाजत बसू नका, लगेच १९३० लावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

या आठवड्यात एवढंच करून बघा. चार-पाच जण मिळून कॉलेज ते बस स्टॉप हा रस्ता अंधार पडल्यावर चाला. बंद दिवे, तुटलेले फुटपाथ, सामसूम कोपरे टिपा आणि ती यादी सगळ्यांच्या सह्यांनिशी वॉर्ड ऑफिसात द्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा आणि विचारा, ‘काय झालं?’ एकट्याचा अर्ज फाइलमध्ये पडून राहू शकतो. दर पंधरा दिवसांनी येणारी पोरं टाळणं मात्र अवघड असतं.