मांजरे तीन, मग थाळी एकच का?

भात झोडून कणगीत पडले, की उंदरांची नजर तिकडे वळते. म्हणून आपल्या चिपळूण भागात मांजर नाही असे शेतकऱ्याचे घर क्वचितच. शेतीखात्याच्या माणसाने मांजराच्या जेवणावर काय लिहावे, असे तुम्ही म्हणाल. पण दुभती गाय, भाकड म्हैस आणि वासरू यांना तुम्ही एकसारखेच आंबोण घालता का? मग मांजरांपुढेच एका थाळीत सरसकट दूधभात का?

भाटी व्याली, की तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट अन्न लागते. पण ती पिलांपाशी असते, तोवर बोका थाळी चाटूनपुसून मोकळा होतो. मग भाटी खंगते, दूध आटते, पिले मरतात, आणि आपण म्हणतो, नजर लागली!

नुसत्या दूधभाताने मांजराचे भागतही नाही. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य लागते, आणि ते मुख्यतः मांस-मासळीतून मिळते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हे १९७५ साली, आणि हृदय दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. धडधाकट मांजर उंदीर मारून ही उणीव भरून काढते. दात पडलेल्या म्हाताऱ्याने काय करावे?

म्हातारे मांजर फार पाणी पिऊ लागले, वाळत चालले, तर मूत्रपिंड थकले असण्याचा संभव असतो. त्याला खारवलेला सुका बांगडा घालू नका. ताजी मासळी बिनमिठाची उकडून, काटे काढून, त्याच पाण्यात कालवून द्या. किती द्यायची, ते पशुवैद्याला विचारा. कांदा-लसणीचे कालवण मात्र कुठल्याच मांजराला नको.

वेगळे वाढायचे कसे? थाळी दिवसभर मांडून ठेवू नका, वेळ ठरवा. भाटीचे अन्न माळ्यावर, तिच्या पिलांजवळ ठेवा आणि ती खाईपर्यंत बोक्याला पडवीत अडकवा. म्हाताऱ्यावर त्याच्या वाटीसकट कोंबड्या झाकायचे डालगे पालथे घाला. पाव तासात तो निवांत जेवतो. पहिले दोन दिवस ओरडेल, मग आपणच डालग्यापाशी येऊन बसेल. महिन्याच्या पिलांसाठी खोक्याला फक्त त्यांच्यापुरते भोक पाडून आत वाटी ठेवा. मोठ्यांचे डोके आत जात नाही.

आणि बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो, पण थेंब येत नाही, असे दिसले तर आहार बदलून वाट पाहू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.