सगळ्या गोळ्या एकदा एकत्र पाहा

मधुमेहाचे डॉक्टर वेगळे, हृदयाचे वेगळे, गुडघ्यांचे वेगळे. प्रत्येकाची फाईल स्वतंत्र, गोळ्या मात्र एकाच पोटात जातात. त्या सगळ्या टेबलावर मांडून प्रत्येक गोळी कशासाठी सुरू झाली आणि आज लागते का, हे तपासणे म्हणजे औषधांचा आढावा. हे काम फॅमिली डॉक्टरांचे. पण त्याविषयीचे काही गैरसमज रुग्णांइतकेच डॉक्टरांमध्येही घट्ट बसले आहेत.

गैरसमज : नवा त्रास म्हणजे नवा आजार.

वस्तुस्थिती : वयस्कर रुग्णाच्या बाबतीत पहिली शंका औषधावर घ्यावी. ॲसिडिटीच्या काही कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असते. ते डोपामिनचे काम अडवते. महिनोन् महिने घेतल्यास काहींचे हात थरथरू लागतात, चाल मंदावते. चक्करेवरच्या सिनारिझिननेही असे होऊ शकते. मग कंपवाताची गोळी सुरू होते, तिने मळमळ होते, मळमळीसाठी आणखी एक गोळी येते. ॲम्लोडिपिनने पाय सुजतात आणि सुजेवर लघवीची गोळी लिहिली जाते, हीही तशीच साखळी. १९९०च्या दशकात पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ या वैद्यकीय संशोधकांनी अशा साखळ्यांकडे लक्ष वेधले होते. मूळ कॅप्सूल थांबवल्यावरही कंप ओसरायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तेवढा धीर डॉक्टरांनी आणि घरच्यांनी धरायला हवा.

गैरसमज : तज्ज्ञांच्या चिठ्ठीत फॅमिली डॉक्टरांनी लक्ष घालू नये.

वस्तुस्थिती : लक्ष घालायलाच हवे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक आले, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणाऱ्यालाच हे दिसते. तज्ज्ञांना फोन करून बदल ठरवण्यात कुणाचाही अवमान नाही.

गैरसमज : आढावा म्हणजे गोळ्या कमी करणे.

वस्तुस्थिती : कधी भरही पडते. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्याचे बी-१२ तपासावे लागते, कमी असेल तर द्यावे लागते. आणि क्लोनाझेपाम, मेटोप्रोलॉल किंवा स्टेरॉइड रुग्णाने मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. डॉक्टरांच्या हाताशी अमेरिकेतील 'बिअर्स' यादी (१९९१ पासून, २०२३ मध्ये सुधारित) आणि आयर्लंडमधून आलेले 'स्टॉप-स्टार्ट' निकष आहेत. त्यांतली टाळण्याजोगी औषधेही निषिद्ध नसतात. ती लिहिण्यापूर्वी थांबून विचार करावा, एवढेच ही यादी आणि हे निकष सांगतात.

गैरसमज : 'मोठ्या डॉक्टरांना दाखवा' म्हटले की रेफर करणे झाले.

वस्तुस्थिती : चिठ्ठीत औषधांची जेनेरिक नावे, डोस, कधीपासून चालू, ॲलर्जी, अलीकडचे क्रिएटिनिन आणि नेमका प्रश्न हवा. 'पुढील उपचारांसाठी' या दोन शब्दांतून तज्ज्ञांना काहीच कळत नाही. सरकारी आरोग्य केंद्रांतून 'ई-संजीवनी'वर २०१९पासून डॉक्टर थेट तज्ज्ञांचा सल्ला घेऊ शकतात. औषधाचा दुष्परिणाम वाटला तर २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येते, रुग्णालाही.

आढाव्याला येताना इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, काढे, चूर्णे आणि मेडिकलमधून चिठ्ठीविना घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्याही आणाव्यात. बंद केलेले औषध तारीख आणि कारणासह फाईलमध्ये लिहून घ्यावे. नाहीतर पुढच्या भेटीत दुसरे डॉक्टर तेच औषध वेगळ्या ब्रँडने पुन्हा सुरू करतात.