नेम चुकतो तेव्हा दोष मोजून शोधावा

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूलच्या अंतिम फेरीतून मनू भाकर कांस्यपदक घेऊन बाहेर पडली, तेव्हा तिचे गुण होते २२१.७ आणि तिच्या किंचित पुढे असलेल्या कोरियाच्या किम येजीचे २२१.८. हा ०.१ गुण म्हणजे एका छर्र्याच्या बाबतीत लक्ष्यावरचं जेमतेम ०.८ मिलिमीटर अंतर. ज्या खेळात पदकाचा रंग एवढ्याशा अंतराने बदलतो, तिथे पिस्तुलाची अचूकता थोडीशी ढळली तरी खेळाडूची वर्षांची मेहनत पणाला लागते. तरीही आपल्याकडे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या भोकांचा पुंजका, पसरायला लागला की दोष अंदाजाने शोधला जातो: कुणी ग्रिप बदलतं, कुणी साइटचे स्क्रू फिरवतं, कुणी कॉम्पेन्सेटरला नावं ठेवतं. नेमबाजीचा सराव जिथे चालतो ते पुण्यातल्या बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणचे कारखाने एकमेकांपासून फार लांब नाहीत. कारखान्यात दोष मोजून शोधण्याची जी शिस्त रोज पाळली जाते, ती रेंजवर आणली तर कितीतरी खेळाडूंचं नुकसान टळेल.

आधी कॉम्पेन्सेटर करतो काय, ते पाहू. एअर पिस्तुलाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो. तो नळीच्या तोंडातून सुटतो तेव्हा त्याच्यामागची दाबलेली हवाही सुटते. ही हवा छर्र्यापेक्षा वेगाने धावते आणि त्याच्या मागच्या पोकळ घेराला धक्का देते. तो धक्का सगळीकडून सारखा नसेल तर छर्रा डगमगतो. नळीच्या पुढे बसवलेला कॉम्पेन्सेटर आपल्या छिद्रांमधून ही हवा बाजूला आणि वर काढून देतो. छर्रा शांतपणे पुढे जातो आणि पिस्तुलाचं तोंड उसळत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत एअर पिस्तुलाला अशी छिद्रांची नळी किंवा जोड चालते.

या उपकाराची एक अट आहे. नळीचा आणि कॉम्पेन्सेटरचा अक्ष एकच हवा. छर्रा कॉम्पेन्सेटरच्या भोकातून जाताना आजूबाजूला थोडीच जागा उरते. स्क्रू सैल झाला, जोड वाकडा बसला किंवा शिशाचा थर एका बाजूला साचला, तर छर्रा कडेला निसटता घासतो किंवा हवा एका अंगाने जास्त सुटते. अशा वेळी ग्रुप बरा दिसत असतानाच मधूनच एखादा छर्रा कारण नसताना लांब जातो. काही पिस्तुलांमध्ये पुढची साइट कॉम्पेन्सेटरच्याच भागावर बसवलेली असते, मग जोड हलला की साइटही हलते. दोन साइटमधलं अंतर ३३० मिलिमीटर धरलं, तर पुढची साइट ०.१ मिलिमीटर सरकल्यावर १० मीटरवर छर्रा सुमारे ३ मिलिमीटर सरकतो. चाकणच्या टूलरूममध्ये ज्याने डायल गेज लावून शाफ्टचा रनआऊट, म्हणजे फिरताना अक्षापासून होणारं विचलन, पाहिला आहे, त्याला या आकड्याचं वजन समजावून सांगावं लागणार नाही.

पण चुकलेल्या प्रत्येक छर्र्याचं कारण कॉम्पेन्सेटरच असतं असं नाही, आणि म्हणूनच लक्ष्यावरची भोकं वाचता यायला हवीत. ग्रुप घट्ट आहे, पण सगळाच एका बाजूला सरकला आहे, तर आधी साइट तपासावी. छर्रे उभ्या रेषेत वरखाली पसरत असतील, तर हवेच्या दाबाकडे पाहावं. वेग ५ टक्क्यांनी घटला तर १० मीटरवर छर्रा निव्वळ गुरुत्वाकर्षणामुळेच २ मिलिमीटरहून थोडा जास्त खाली येतो. त्यामुळे रेग्युलेटर प्रत्येक वेळी सारखा दाब देत नसेल तर त्याचा माग कागदावर उमटतोच. ग्रुप सगळ्या बाजूंनी सैल असेल, तर छर्र्यांची बॅच, मळलेली नळी आणि कॉम्पेन्सेटर हे तिघेही संशयित ठरतात. आणि हे सगळं वाचण्याआधी माणूस आणि यंत्र वेगळं करावं लागतं. त्यासाठी रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, पिस्तूल रबर लावलेल्या शिकंज्यात नळीवर ताण न देता पकडून दहा-दहा छर्र्यांचे काही ग्रुप मारावेत. शिकंज्यात ग्रुप घट्ट आला आणि हातात पसरला, तर उत्तर ग्रिप, ट्रिगर आणि श्वास यांत आहे. शिकंज्यातही पसरला, तर खेळाडूला बोल लावण्यात अर्थ नाही.

यावर अनेक प्रशिक्षकांचा आक्षेप ठरलेला असतो: दहापैकी नऊ वेळा चूक हाताची असते, हत्यारात दोष शोधायची सवय लागली की मुलं तंत्राकडे दुर्लक्ष करतात. या काळजीत तथ्य आहे. नवख्या खेळाडूचा पसारा बहुतेक वेळा ट्रिगर झटकल्यामुळेच असतो. पण उरलेल्या दहाव्या वेळचं काय? टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ला याच मनू भाकरचं पिस्तूल पात्रता फेरी सुरू असताना बिघडलं, मोलाची मिनिटं दुरुस्तीत गेली, आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानावर राहिली. अंतिम फेरीत आठच जण जातात. तो बिघाड अचूकतेचा नव्हता, पण उत्तम खेळाडूच्या हातातलं यंत्रही दगा देऊ शकतं एवढं त्यातून स्पष्ट होतं. शिवाय शिकंज्यातली चाचणी प्रशिक्षकाच्याच बाजूची आहे. पिस्तूल निर्दोष ठरलं की मुलाला पळवाट उरत नाही, आणि सदोष ठरलं तर महिनोन्महिने निर्दोष तंत्र मोडून पुन्हा घडवण्याचा खटाटोप वाचतो.

दुसरा आक्षेप घाईचा आहे: कॉम्पेन्सेटर काढून मारून पाहा, लगेच कळेल. कळतं, पण अर्धवट. तो काढल्यावर पिस्तुलाचा तोल बदलतो, तोंडापाशी हवेचा प्रवाह बदलतो आणि साइट त्याच्यावर असेल तर तुलनाच संपते. उत्पादकाच्या सूचना तशी मुभा देत असतील तरच, आणि शिकंज्यातच, हा प्रयोग करावा. त्यातही ग्रुप कुठे पडला हे सोडून तो किती पसरला एवढंच पाहावं. त्याआधी पिस्तूल रिकामं करून, सिलिंडर काढून, भोकाच्या कडेला एका बाजूला शिशाचा ताजा ओरखडा आहे का ते पाहिलं तर पुष्कळदा तिथेच उत्तर मिळतं. मोठी चूक होते ती एकाच वेळी स्क्रू आवळणं, छर्रे बदलणं आणि नळी साफ करणं यात. दोष गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, म्हणून तो परत येतो. एका वेळी एकच बदल करावा, ग्रुप मोजून वहीत लिहावा, आणि दोष गेलासा वाटला की जुनी स्थिती मुद्दाम परत आणून दोषही परत येतो का ते पाहावं. पाच छर्र्यांचा एखादा सुंदर ग्रुप योगायोगानेही पडतो, त्यावर निकाल देऊ नये.

या शिस्तीला पैसा लागतो म्हणून ती गरीब घरातल्या मुलांच्या आवाक्याबाहेर आहे, असंही कुणी म्हणेल. प्रत्यक्षात शिकंजा, कागदी लक्ष्य, व्हर्नियर आणि वही एवढ्यात ती सुरू होते, आणि महागडं पिस्तूल परदेशी पाठवण्याआधी दोष नेमका सांगता आला तर खर्च उलट वाचतो. बालेवाडीत सराव केलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये रायफलमध्ये कांस्य मिळवल्यापासून या खेळाकडे वळणाऱ्या साध्या घरांतल्या मुलांसाठी तर ही बचत मोठी आहे. भोसरी-चाकणच्या कुशल हातांनी मात्र एक मर्यादा पाळावी: मोजावं, कापू नये. लेथवर भोक मोठं केलेला कॉम्पेन्सेटर स्पर्धेआधीच्या साहित्य तपासणीत अडकू शकतो, आणि बंदुकीच्या दारूवर चालणाऱ्या पिस्तुलाची परवान्याशिवाय दुरुस्ती करणं १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. पण रनआऊट ओळखणारी नजर, रिजेक्शन का आलं याचा मुळापर्यंत पाठपुरावा करणारा स्वभाव आणि नोंद ठेवण्याची सवय यांना कुठलाही परवाना लागत नाही. प्रत्येक क्लबच्या रेंजवर एक शिकंजा आणि प्रत्येक पिस्तुलाची एक नोंदवही असावी, आणि महिन्यातून एकदा एखाद्या अनुभवी क्वालिटी इन्स्पेक्टरने ती वही प्रशिक्षकाबरोबर बसून वाचावी. एवढं झालं तर इथल्या मुलांना नेम का चुकला याचं खरं उत्तर मिळेल, आणि खरं उत्तर मिळालेला खेळाडू दुसऱ्या दिवशी नेमका कशाचा सराव करायचा हे जाणून रेंजवर उभा राहील.