उन्हाळ्यातली सातेरीची पेटी

सातेरी ही महाराष्ट्रात लाकडी पेटीत पाळली जाणारी देशी मधमाशी. झाडाच्या ढोलीत, वारुळात किंवा भिंतीच्या पोकळीत, अंधारात ती एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते. त्यामुळे पेटीतल्या चौकटींवरही ती नांदते. उघड्यावर एकच मोठे पोळे लावणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. सातेरीचा एक स्वभाव मात्र मधपाळाने कायम ध्यानात ठेवावा लागतो. उपासमार, उष्मा किंवा उपद्रव सोसेनासा झाला, की राणीसह सगळी वसाहत पेटी सोडून निघून जाते. उन्हाळ्यातली सारी निगा ही वेळ येऊ नये म्हणून असते.

पिलाव्याला, म्हणजे अंडी-अळ्यांच्या भागाला, साधारण ३३ ते ३६ अंश सेल्सियस तापमान लागते. बाहेरचा पारा त्यापुढे गेला की कामकरी माश्या पाणी आणून पोळ्याच्या घरांत पातळ पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. सातेरी दारात बाहेर तोंड करून उभी राहते व बाहेरची हवा आत लोटते. या कामाला जितक्या माश्या लागतील तितक्या मकरंद आणण्यातून कमी होतात. म्हणून पेटीला दुपारची सावली हवीच; आंब्या-फणसाखालची जागा उत्तम. छपरावर ओले गोणपाट टाकावे. जवळच पसरट भांड्यात पाणी ठेवून त्यात खडे घालावेत, नाहीतर माश्या बुडतात. ते पाणी एक दिवसही आटू देऊ नये.

पेटी दहा-पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी ऊन चढण्याआधी उघडावी. दाराच्या समोर उभे न राहता बाजूने काम करावे. तोंडावर जाळी असावी, धूर बेताचा द्यावा. चौकट उभीच धरावी. उन्हाळ्यात मेण मऊ झालेले असते आणि आडव्या चौकटीतून कोवळे पोळे सुटून पडते. पाहणीत राणीला शोधत बसण्याची गरज नाही. घरांच्या तळाशी अंडी दिसली तर पुरे, कारण अंडे ३ दिवसांत फुटते. म्हणजे राणी नुकतीच तिथे होती. अंडी नाहीत, अळ्या नाहीत, साठवलेला मध आणि पराग संपत आलेला, अशी पेटी निघण्याच्या तयारीत आहे असे समजावे.

अन्नाची स्थिती प्रदेशानुसार बदलते. महाबळेश्वरच्या डोंगरात जांभूळ, गेळा, हिरडा फुलतात तेव्हा मधाचा हंगाम असतो. देशावर मात्र शेते मोकळी पडल्यावर फुले विरळ होतात. तिथे साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत ठेवावा. बाहेर थेंबही सांडू नये. वासाने दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. पाक देण्याच्या काळात मधकोठी, म्हणजे मध साठवण्याचा वरचा कप्पा, लावू नये, कारण त्यात साठेल तो मध नव्हे.

दुबळ्या वसाहतीचा मोठा शत्रू मेणकीड. तिच्या अळ्या जुन्या, काळपट पोळ्यांत जाळीदार बोगदे करतात. माश्यांनी न झाकलेली पोळी काढून टाकावीत आणि तळफळीवरचा मेणचुरा प्रत्येक पाहणीत झाडावा. मेणकिडीची अंडी-अळ्या त्यातही वाढतात. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीखालच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. उन्हाळ्यात त्या वाट्या लवकर कोरड्या पडतात.

मध काढायचा तो फक्त मधकोठीतला, मेणाने बंद झालेल्या घरांचा. पिलाव्याच्या चौकटींवरच्या मधाला हात लावू नये. सह्याद्रीत जून ते ऑगस्टच्या संततधार पावसात माश्यांना बाहेर पडता येत नाही आणि वसाहत त्याच साठ्यावर जगते.