दुसऱ्याच्या नावावरचं आयुष्य

अमेरिकेचा स्थलांतर कायदा वरवर पाहता स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. व्हिसाच्या अटी, अटकेचे अधिकार, हद्दपारीची प्रक्रिया सगळ्यांना एकच आहे. तरीही या कायद्याचा भार बायकांवर जास्त पडतो, आणि त्याचं कारण कायद्याच्या रचनेतच आहे. कुटुंब स्थलांतरित होतं तेव्हा राहण्याचा हक्क बहुधा एकाच माणसाला मिळतो. बाकीचे त्याचे ‘अवलंबित’ म्हणून येतात, आणि हे अवलंबित्व बहुतेक वेळा बायकोच्या वाट्याला येतं. घरात सगळं सुरळीत असेल तोवर ते जाणवत नाही. मारहाण सुरू झाली की मात्र देशात राहण्याचा आधार आणि मारणारा हात एकाच माणसाचा असतो. तक्रार केली तर आपल्यालाच पकडतील, मुलं इथे राहतील आणि आपल्याला परत पाठवतील, ही भीती तिला गप्प ठेवते. म्हणून स्थानबद्धतेचा विचार केवळ डिटेन्शन सेंटरच्या भिंतींपुरता करून भागत नाही. ज्या बाईला कधी अटक झालेली नाही, तिच्या घरातही स्थानबद्धतेचा धाक असतो.

हे अवलंबित्व महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांच्या ओळखीचं आहे. एच-१बी व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरची पत्नी एच-४ व्हिसावर जाते. मे २०१५ पर्यंत या व्हिसावर कोणालाही नोकरी करता येत नव्हती. त्यानंतर परवानगी मिळू लागली, पण जोडीदाराचा ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्पा ओलांडून पुढे गेला असेल तरच. सुरुवातीच्या वर्षांत असे परवाने मिळालेल्यांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या, आणि जवळपास तितक्याच प्रमाणात भारतात जन्मलेल्या व्यक्ती. म्हणजे शिकलेल्या, नोकरीचा अनुभव असलेल्या बाईलाही स्वतःच्या कमाईसाठी नवऱ्याच्या फायलीकडे डोळे लावून बसावं लागतं. घटस्फोट झाला की तिचा एच-४ दर्जाही संपतो. छळ सोसणाऱ्या अशा पत्नींना नोकरीची परवानगी देण्याची तरतूद २००६ साली कायद्यात झाली. त्या परवानगीचे अर्ज स्वीकारायला २०१७ उजाडलं. हक्क कागदावर आला, पण तो बजावण्याची खिडकी उघडायला अकरा वर्षांहून जास्त काळ गेला.

यावर पहिला आक्षेप असा, की नवऱ्याच्या हाती एवढा ताबा दिला नाही तर व्हिसासाठी खोटी लग्नं होतील. ही शंका जुनी आहे. तिच्यापोटीच १९८६ साली कायदा झाला आणि नव्या लग्नावर मिळणारं ग्रीन कार्ड दोन वर्षं सशर्त राहू लागलं. पण त्या अटीचा उपयोग बायकोला धाकात ठेवण्यासाठी होतो, हे अमेरिकी काँग्रेसच्या लवकरच लक्षात आलं. १९९० मध्ये छळग्रस्तांना सूट मिळाली. १९९४ च्या स्त्रीविरोधी हिंसाचार कायद्याने नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करण्याची मुभा दिली. २००० साली गुन्ह्याला बळी पडून तपासात मदत करणाऱ्यांसाठी यू व्हिसा आला. लग्न खरं आहे याचा पुरावा यांतल्या लग्नावर आधारलेल्या मार्गांतही तपासला जातोच, त्यामुळे फसवणूक रोखणं आणि बाईला स्वतंत्र अर्ज देणं यांत विरोध नाही. उणीव व्याप्तीत आहे. १९९४ ची मुभा एच-१बीवाल्याच्या पत्नीला लागू होत नाही, आणि यू व्हिसा वर्षाला फक्त १०,००० मिळत असल्याने अर्जदारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं.

या थांबण्याच्या काळात अटकेची टांगती तलवार असते. जानेवारी २०२५ च्या लेकन रायली कायद्यानुसार, परवानगीविना देशात आलेल्या व्यक्तीला चोरीच्या नुसत्या आरोपावरूनही सक्तीने स्थानबद्ध करावं लागतं. दोष सिद्ध होण्याची गरज नाही. छळणाऱ्या जोडीदाराच्या तक्रारीवरून अटक झाली तरी तेवढं पुरेसं आहे. रुग्णालयं, शाळा आणि पीडित स्त्रियांची आश्रयगृहं शक्यतो कारवाईतून वगळावीत, ही २०२१ ची सूचनाही त्याच महिन्यात मागे घेतली गेली. एकदा आत गेलेल्या बाईला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नसतो, कारण ही प्रक्रिया फौजदारी न मानता दिवाणी मानली जाते. आतली देखरेख किती तोकडी असते ते जॉर्जियातल्या अर्विन काउंटी केंद्राने दाखवलं. तिथल्या बायकांवर अतिरेकी आणि अनेकदा अनावश्यक स्त्रीरोगविषयक उपचार झाल्याचं दिसतं, असा निष्कर्ष सिनेटच्या उपसमितीने २०२२ मध्ये काढला. गरोदर स्त्रियांना सहसा स्थानबद्ध करू नये हे धोरण २०१६ मध्ये आलं, पुढच्याच वर्षी गेलं आणि २०२१ मध्ये परतलं. सरकारसोबत बदलणाऱ्या सूचनेवर कोणत्या गरोदर बाईने विसंबून राहावं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. देशात कोण राहील हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, आणि लोकांना मोकळं सोडलं तर ते सुनावणीला येणारच नाहीत, असं म्हटलं जातं. पहिली गोष्ट निर्विवाद मान्य करावी लागेल. दुसरीची परीक्षा अमेरिकेनेच घेतली आहे. २०१६-१७ मध्ये काही शहरांत आश्रय मागणाऱ्या कुटुंबांना कोठडीत न ठेवता समाजसेवकांच्या देखरेखीखाली ठेवण्याचा उपक्रम राबवला गेला. त्यातल्या सुमारे ९९ टक्के कुटुंबांनी हजेरी आणि सुनावणीच्या तारखा पाळल्या, आणि खर्चही कोठडीच्या तुलनेत फार कमी आला. तरी २०१७ मध्ये तो बंद झाला. तेव्हा सीमेवरचा अधिकार राखायचा असेल तर बाईला कोंडलंच पाहिजे, हा दावा टिकत नाही.

म्हणून सुधारणा सहानुभूतीच्या पुढे जाऊन कायद्याच्या मजकुरात व्हायला हवी. अवलंबित व्हिसावर येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावाने काम करता यावं. छळ सिद्ध झाल्यास, नवऱ्याकडे कोणताही व्हिसा असो, तिला स्वतंत्र अर्ज करता यावा. गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांना असलेलं संरक्षण धोरणातून उचलून कायद्यात लिहिलं जावं. मुलीला परदेशी पाठवणाऱ्या आपल्याकडच्या घरांनीही स्थळाचा पगार विचारताना तिचा व्हिसा कोणता असेल आणि लग्न मोडल्यास तिच्या हाती काय उरेल, हे विचारलं पाहिजे. देशात राहण्याचा हक्क स्वतःच्या नावावर असेल, तरच मार खाणारी बाई पोलिसांचं दार निर्धास्तपणे ठोठावू शकेल.